घरी बनवा खरंखुरं हॉट चॉकलेट: आधी कोको शिजवा, मग चॉकलेट वितळवा

ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा उलटा करून मागचं बारीक अक्षरातलं वाचलंय का कधी? घटकांमध्ये पहिलं नाव बहुतेक वेळा साखरेचंच असतं, कोको तिच्या मागून येतो, आणि जे वजनाला जास्त ते लेबलवर आधी लिहायचं असा नियमच आहे त्यामुळे हिशोब सरळ आहे, आपण दुधात मुख्यतः साखर ढवळत असतो. मुलांनी दूध संपवावं म्हणून ते ठीक आहे. पण कॅफेत दोनशे-अडीचशे रुपये मोजून जे दाट, जिभेवर रेंगाळणारं हॉट चॉकलेट आपण पितो ते या डब्यातून होणार नाही, कितीही चमचे घाला, फक्त गोड होत जाईल.

आणि ते घरी करणं खरंच अवघड नाही. मशीन नको, क्रीम नको, महागडं सिरप नको. दोन गोष्टी पाळायच्या, कोको पावडर आधी पाण्यात नीट शिजवायची आणि खरं चॉकलेट शेवटी, गॅस बंद केल्यावर घालायचं. चवीचं सगळं या दोन गोष्टींवर आहे, बाकी फ्लेवर वगैरे नंतर.

दोन्ही कशाला, एकाने भागत नाही का, असं विचाराल तर नाही भागत. कोकोच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून वाटल्या की जो लगदा होतो त्यात साधारण निम्मी चरबी असते, तेच कोको बटर. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हान हौटेन घराण्याने ही चरबी दाबून बाहेर काढायच्या प्रेसचं पेटंट घेतलं आणि खाली जो कोरडा भाग उरला त्याची झाली कोको पावडर. म्हणजे पावडरीत चव आणि कडूपणा एकवटलेला असतो पण चरबी कमी, म्हणून नुसत्या कोकोचं हॉट चॉकलेट पातळ आणि घशाला कोरडं लागतं. उलट नुसतं चॉकलेट वितळवून केलं तर छान गुळगुळीत होतं पण दुधात त्याची चव मवाळ पडते आणि ती ठसठशीत करायला एवढं चॉकलेट घालावं लागतं की अर्ध्या कपातच पोट भरतं. दोन्ही मिळून घेतलं की कोको चव देतो, चॉकलेट अंग देतं.

आता खरेदी, कारण इथे चुकलात तर पुढे काही करून उपयोग नाही. केक-बेकिंगच्या दुकानात डार्क चॉकलेटची लादी मागितली की बरेचदा कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पती चरबी घातलेलं चॉकलेट, हातात पडतं. दिसायला सेम, स्वस्त, वितळायलाही सोपं. लेबलवर कोको बटर लिहिलंय का हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट, एवढंच बघा. कोको बटर साधारण ३४ डिग्रीला वितळतं, म्हणजे तोंडातल्या उबेने, म्हणून ते जिभेवर विरघळून जातं. कंपाउंडमधली वनस्पती चरबी काही तशी वागत नाही, शेवटच्या घोटानंतर टाळूला मेणासारखा थर राहिला की समजायचं कंपाउंड होतं. केकवर ओतायला, साच्यात घालायला कंपाउंड वापरा खुशाल, प्यायला नको.

किती टक्के कोकोचं घ्यायचं? माझं मत ५५ ते ७०. अमूलचं ५५ टक्केवालं डार्क कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं आणि या कामाला अगदी बरोबर आहे. ७५च्या पुढचं घेतलंत तर साखर वाढवावी लागेल. मिल्क चॉकलेट नको, त्यात कोको कमी आणि साखर जास्त, परत त्या डब्यापाशीच येऊन थांबाल. खिशाला परवडत असेल तर एकदा आपल्याकडच्या बियांपासून बनवलेलं चॉकलेट आणून बघा, केरळ, कर्नाटक, आंध्र, तामिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत कोको पिकतो आणि पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलपासून म्हैसूर, कोचीपर्यंत लहान लहान चॉकलेटवाले आता स्वतः बिया भाजून बार करतायत. यातल्या काही बारना फळांसारखा हलका आंबटपणा असतो, दुधात तो फार सुंदर उतरतो.

कोको पावडर बिनसाखरेची हवी. दोन प्रकार मिळतात, नॅचरल आणि अल्कलाइज्ड ज्याला डच प्रोसेस्ड म्हणतात. नॅचरल फिकट तपकिरी आणि जराशी आंबट, डचवाली गडद आणि मऊ चवीची. हॉट चॉकलेटला मी डचच घेते. पाकिटावर अल्कलाइज्ड लिहिलेलं नसलं तरी घटकांत अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर ५०१ वगैरे काही दिसलं तर ती तीच.

आता दुधाचं बघू. फुल क्रीम पिशवीत ६ टक्के फॅट, टोन्डमध्ये ३. आपल्याला वाटतं जितकं घट्ट दूध तितकं हॉट चॉकलेट रिच, पण तसं होत नाही, फॅट फार झालं की ते जिभेवर बसतं आणि चॉकलेटची चव दबते. गाईचं दूध असेल तर तसंच वापरा. म्हशीचं किंवा फुल क्रीम असेल तर त्यात पाव कप पाणी जाणारच आहे कोकोबरोबर, तेवढं पुरतं, जास्तीची साय मात्र काढून घ्या नाहीतर तिचे तुकडे कपात तरंगतात.

दोन मोठ्या कपांचं प्रमाण सांगते:

दूध ४०० मिली
पाणी पाव कप, म्हणजे ६० मिली
कोको पावडर २ टेबलस्पून, सपाट
साखर दीड ते २ टेबलस्पून
डार्क चॉकलेट ६० ग्रॅम
मीठ, दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढंच

पहिलं काम चॉकलेट चिरायचं. तुकडे करून टाकू नका, धारदार सुरीने बारीक चिरा, कडेकडेने कापत गेलं की आपोआप भुगा आणि पापुद्रे पडतात. जितकं बारीक तितकं कमी उष्णतेत वितळणार. चिरून वाटीत बाजूला ठेवा, हात आणि वाटी कोरडी हवी.

जाड बुडाच्या पातेल्यात आधी कोको, साखर आणि मीठ कोरडंच एकत्र करा. हा टप्पा गाळू नका. कोको पावडरीत थोडी चरबी शिल्लक असते त्यामुळे ती पाण्याला धरत नाही, वर तरंगते आणि गुठळ्या होतात, साखरेचे दाणे मध्ये आले की कण सुटे राहतात. आता पाणी घाला, पण सगळं एकदम नको, आधी दोन चमचे घालून चमच्याने घोटून चकचकीत पेस्ट करा, मग उरलेलं. मंद गॅसवर ठेवा आणि ढवळत राहा. मिनिटभरात कडेला बुडबुडे येतील, मग मधोमध रटरटायला लागेल, रंग एकदम गडद होईल आणि वास बदलेल, आधी पिठूळ-धुळीसारखा असतो तो जाऊन ब्राउनी भाजताना येतो तसा वास सुटतो. तिथून पुढे अजून एक मिनिट. कच्च्या कोकोचा जो चरचरीतपणा असतो ना घशात, तो इथेच जातो, थेट दुधात पावडर टाकून उकळलं तर तो तसाच राहतो कारण दुधात कोको इतका नीट शिजत नाही.

मग दूध घाला, परत थोडं थोडं, आणि गॅस मध्यम करा. दूध उकळू द्यायचं नाहीये. कडेला बारीक फेसाची रेघ दिसली, वाफ यायला लागली की बास, गॅस बंद. आधी तापवून ठेवलेलं दूध असेल तर चांगलंच, कच्चं असेल तर वेगळं उकळून मग घ्या.

आता चॉकलेट. वाटीतल्या चिरलेल्या चॉकलेटवर पातेल्यातलं एक डावभर गरम दूध ओता, अर्धा मिनिट हात लावू नका, मग मधून सुरुवात करून गोल गोल ढवळा. आधी फाटल्यासारखं दिसेल, चिंता नको, ढवळत राहा, हळूहळू एकजीव चकचकीत सॉस होतो. तो सॉस पातेल्यात परत ओता. एवढा खटाटोप कशाला, थेट पातेल्यात का नाही टाकायचं? टाकलं तरी चालतं, पण मग चॉकलेट तळाशी बसतं, काही कण वितळायचे राहतात आणि प्यायला घेतलं की बारीक काळे ठिपके कपाच्या कडेला चिकटतात. आधी थोड्या दुधात घट्ट सॉस केला की चरबी आणि पाणी नीट मिसळतं आणि तूप सुटल्यासारखा थर वर येत नाही. चॉकलेट मायक्रोवेव्हमध्ये वेगळं वितळवायच्या भानगडीत पडू नका, वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन-चार थेंब गेले तरी ते आवळून घट्ट गोळा होतं. गंमत म्हणजे थेंबभर पाण्याने बिघडतं पण डावभर दुधाने नाही, द्रव पुरेसा असला की साखरेचे कण एकमेकांना चिकटून न बसता विरघळून जातात.

शेवटी फेस. कॅफेतल्यासारखा हलकेपणा हवा असेल तर ही पायरी हवीच, आणि त्यासाठी बॅटरीवरचा फ्रॉदर विकत घ्यायची गरज नाही, घरात ताकाची रवी असेल ती काढा. मेक्सिकोत चॉकलेट घुसळायला मोलिनियो नावाची लाकडी रवीच असते, दांडा दोन्ही तळव्यांत धरून गरगर फिरवायची, आपण लोणी काढताना करतो अगदी तसंच. उभट पातेलं घ्या, ते जरा तिरकं धरा, रवीचं फूल निम्मं बुडालेलं आणि निम्मं वर असं ठेवून मिनिटभर जोरात घुसळा. बारीक, टिकाऊ फेस येतो. रवी नसेल तर व्हिस्क, नाहीतर चहावाला करतो तसं उंचावरून दोन भांड्यांत ओतत राहा, ही तर सगळ्यात जुनी पद्धत, तिकडे दूध आणि उसाची साखर स्पॅनिश लोकांबरोबर आली, त्याआधी माया आणि अ‍ॅझ्टेक लोक कोको पाण्यातच प्यायचे आणि असाच उंचावरून ओतून त्याला फेस आणायचे.

इतकं जमलं की साधं हॉट चॉकलेट झालं. ते आधी साधंच पिऊन बघा. मग फ्लेवर.

फ्लेवरमध्ये माझं सगळ्यात लाडकं जायफळ. आपल्याकडे कॉफीत जायफळ घालायची पद्धत घरोघरी आहे, तेच इथे करायचं, फक्त चॉकलेटला जायफळ कॉफीपेक्षाही जास्त मानवतं. पूड विकतची नको, अख्खं जायफळ किसणीच्या बारीक बाजूवर चार-पाच वेळा ओढायचं, तेही फेस काढल्यावर, कपात ओतून वरून. गरम वाफेबरोबर वास थेट नाकात जातो. शिजवताना घातलं तर वास उडतो आणि जास्त झालं तर कडवट लागतं. जोडीला वेलची घातलीत तर दोन दाणे, जास्त नको, वेलची दादागिरी करते आणि मग ते चॉकलेट न राहता बासुंदी होते.

दालचिनी मात्र उलट, तिला वेळ द्यायला लागतो. इंचभर तुकडा दुधात टाकून दूध तापवा, झाकण ठेवून दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग गाळून ते दूध वर सांगितल्याप्रमाणे वापरा. किराणा दुकानात जाड सालीची मिळते ती बहुतेक कॅसिया, तिखट आणि उग्र, तिचा अर्धाच तुकडा घ्या. पातळ, कागदासारख्या पापुद्र्यांची गुंडाळी असते ती खरी दालचिनी, गोडसर आणि नाजूक. कोकणात नारळाच्या बागांमध्ये ही लावतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण तेज नावाची जातही काढलीय, कोकणात फिरायला गेलात तर घरगुती मसाले विकणाऱ्यांकडे विचारा, फरक पहिल्या वासातच कळतो.

दालचिनीबरोबर मिरची. नाक मुरडू नका. माया-अ‍ॅझ्टेकांच्या काळापासून ही जोडी आहे. फक्त मिरची बेडगी घ्या, एकच, बिया पूर्ण काढून, दोन तुकडे करून दालचिनीसोबत दुधात मुरवा आणि गाळून टाका. बेडगीचा तिखटपणा कमी आणि एक धुरकट-गोडसर चव असते, पिताना काही जाणवत नाही, घोट गिळल्यावर घशात हळूच ऊब येते. संकेश्वरी किंवा लवंगी घेऊ नका, मग ऊब नाही ठसका लागेल. लाल तिखटही नको, ते खाली बसतं आणि शेवटचा घोट पिववत नाही.

संत्रं. थंडीत नागपूरची संत्री आली की हे करून बघाच. रस अजिबात नाही, आंबट रसाने दूध फाटणार. फक्त साल, तीही वरचा केशरी भाग, आतला पांढरा कडू असतो. संत्रं कोमट पाण्याने चोळून धुवा, साल बारीक किसा आणि प्रमाणातल्या साखरेत टाकून बोटांनी चोळा, मिनिटभरात साखर ओलसर आणि केशरी होते, सालीतलं तेल तिच्यात उतरतं. हीच साखर कोकोत घालायची, पुढे सगळं तसंच. गाळायचं असेल तर गाळा, मला कीस दाताखाली आलेला आवडतो.

आलं घालणार असाल तर एक लक्षात ठेवा, ताज्या आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं, उकळल्यावर ते निकामी होतं. म्हणून आलं ठेचून सुरुवातीच्या पाव कप पाण्यात दोन-तीन मिनिटं उकळा, गाळा, जेवढं पाणी आटलं तेवढं परत घाला आणि त्या पाण्यात कोको शिजवा. किंवा सरळ सुंठ पूड, पाव चमचा.

कॉफी हा फ्लेवर म्हणून नाही तर चॉकलेटची चव खोल करायला. इन्स्टंट पाव चमचा कोकोच्या पेस्टमध्ये, कॉफीची चव लागत नाही पण चॉकलेट जास्त चॉकलेटसारखं लागतं. मीठही तेच काम करतं, कडूपणाची धार कमी करतं, म्हणून ते वगळू नका.

केशर? नको. डार्क चॉकलेटमध्ये केशराचा ना रंग दिसतो ना वास येतो, एवढी महाग वस्तू वाया जाते. ते कोजागिरीच्या दुधालाच ठेवा.

साखरेऐवजी गूळ हवा असेल तर गुळाच्या चहाचा नियम इथेही, गुळाबरोबर दूध उकळलं की फाटायची भीती, म्हणून कोको नुसत्या पाण्यात शिजवा (साखर नसल्यामुळे पेस्ट अजून सावकाश घोटावी लागेल), आणि गूळ बारीक चिरून गॅस बंद केल्यावर चॉकलेटबरोबरच घाला. काकवी तर फारच छान लागते, दोन चमचे, तीही शेवटीच.

ज्यांना दूध चालत नाही त्यांच्यासाठी नारळाचं दूध. ओल्या नारळाचं जाड पहिलं दूध आणि पातळ दुसरं दूध वेगळं काढा, दुसऱ्या दुधात कोको शिजवा आणि पहिलं दूध गॅस बंद करून मग घाला, उकळलं तर फुटतं हे कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींना सांगायला नकोच. डार्क चॉकलेटच्या लेबलवर मिल्क सॉलिड्स नाहीत ना तेवढं बघून घ्या. यात जायफळ आणि काकवी, दुसरं काही नको.

चमच्याने खाता येईल असं इटालियन पद्धतीचं घट्ट हवं असेल तर कॉर्नफ्लोअर लागतं. वरच्या प्रमाणाला एक टेबलस्पून, दोन चमचे थंड दुधात कालवून, आणि हे एकच व्हर्जन आहे ज्यात दूध खरोखर उकळायचं, सतत ढवळत मिनिट-दीड मिनिट, नाहीतर स्टार्च शिजत नाही आणि पिठाची चव राहते. चॉकलेट अर्थातच नंतर. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरी, बोटात चरचरणारी पावडर बरं का, भाकरीचं पिवळं मक्याचं पीठ नव्हे.

काही बिघडलंच तर: वर तेलाचे डोळे दिसतायत म्हणजे फार तापलं, गॅसवरून उतरवून दोन चमचे गरम पाणी घाला आणि रवीने जोरात घुसळा, बहुतेक वेळा परत जुळून येतं. फार कडू झालं तर लगेच साखरेकडे हात नको, आधी अजून कणभर मीठ, चव बघा, मग साखर. साय धरतेय तर झाकण ठेवा किंवा प्यायच्या आधी परत घुसळा.

रोज एवढं करायला वेळ नसतो हे मान्य, म्हणून मिक्स करून ठेवता येतं. डार्क चॉकलेट १०० ग्रॅम अर्धा तास फ्रीजरमध्ये, मग कोरड्या मिक्सरच्या भांड्यात त्याबरोबर कोको १०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, दूध पावडर ५० ग्रॅम आणि अर्धा चमचा मीठ, थांबून थांबून फिरवा, सलग फिरवलं तर भांडं गरम होऊन चॉकलेटचा गोळा होतो. काचेच्या बरणीत, पावसाळ्यात फ्रीजमध्येच. एका कपाला ३ टेबलस्पून, तेवढ्याच गरम पाण्यात कालवून मंद गॅसवर एक मिनिट रटरटू द्या, मग दूध. यात चॉकलेट आधीच शिजतं त्यामुळे ताज्याइतकं मखमली होत नाही, पण डब्यातल्यापेक्षा कितीतरी चांगलं.

सोबत खायला खारी. नानकटाई, केक वगैरे नको, गोडावर गोड होतं, खारीचा लोण्याचा खारटपणा आणि कडवट चॉकलेट हे जमतं. आणि उरलं तर फ्रीजमध्ये झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी कोको बटर गोठून ते बरंच दाट होतं, गरम करायचं तर मंद गॅसवर थोडं दूध घालून, नाहीतर तसंच थंड, बर्फाचे खडे घालून ग्लासमध्ये ओता.